घडीवरची अक्षरं

आमच्या घरून मला येणाऱ्या आंतर्देशीय पत्राचा मधला, ऐसपैस निळा भाग बाबांचा असायचा. अनेक उत्तम आशीर्वादांपासून निघून प्रकृती, पाऊस, परीक्षा, पैसे अशा ठरल्या वाटेनं चालत ते पत्र ‘बाकी क्षेम, उरलेलं आई लिहील’ या ओळीपाशी येऊन टेकायचं. उरायची ती डिंकाच्या कडेलगतची, चार बोटं रुंदीची घडी.

त्या घडीवर आई लिहायची. पहिली दोन अक्षरं टपोरी, मग जागा संपत आल्याच्या धास्तीनं बारीक होत जाणारी, कोपऱ्याशी मुंग्यांच्या रांगेसारखी वळणारी, समासातून वर चढून बाबांच्या सहीला वळसा घालणारी. आणि त्या एकाच न तुटणाऱ्या वाक्यात कुंडीतल्या जाईला आलेली कळी, शेजारच्या आजींचं हळूहळू एकेक नाव विसरत जाणं, लोणी कढवताना वासाबरोबर आलेली माझी आठवण, असं सगळं एकमेकांचा हात धरून यायचं, पूर्णविरामाला कुठेच जागा नसायची, आणि अगदी शेवटी, कागद उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नये असं, एक ता. क. ‘परवा रात्री उगीच तुझ्या खोलीत जाऊन बसले.’

एवढंच.

पुढे, बायकांच्या लेखनाची शैली वेगळी असते का, हा प्रश्न मी पुस्तकांतून वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही घडीच आली. व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ साली स्वतःच्या खोलीची मागणी केली, तेव्हा वाक्याचीही गोष्ट केली होती: पुरुषांनी आपल्या मापानं बेतलेलं वाक्य बाईच्या हाताला बसत नाही, आणि जिला सतत कुणी ना कुणी हाक मारतं तिचं पुस्तकही त्या हाकांच्या मधल्या वेळाएवढंच होतं. आईच्या वाक्याला ओट्यावरून, दारातून, दुधाच्या उतू जाण्यातून किती हाका आल्या असतील! १९७५ मध्ये पॅरिसहून फ्रेंच लेखिका एलेन सिझू म्हणाली, बाईनं आपल्या देहातून लिहावं. आईच्या दुधाची पांढरी शाई तिच्यात कधी पुरती आटत नाही. हे वाचताना अंगावर काटा आला. आणि लगेच भीतीही वाटली. कारण ‘बायकी’ हा शब्द आपल्याकडे किती सहज फेकला जातो; हळवं, पसरट, घरगुती असं सारं त्या एका शब्दाच्या गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकता येतं. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा विभावरी शिरूरकर या नावाआड कोण आहे, याचा शोध किती चवीनं घेतला गेला. त्या कथांमधल्या मुलींचा कोंडलेला श्वास ऐकायचं सोडून लोक पडद्याआडची बाई हुडकत होते.

मला वाटतं, शैली देहात असते त्याहून जास्त कानात असते. ऐकणाऱ्याच्या कानात. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसलेली बाई ओवी सांगायची ती समोरच्या, खुंट्यावर दुसरा हात असलेल्या बाईला. मूठभर दाणे पाळूच्या तोंडात पडेपर्यंत थांबणारी, फेऱ्याबरोबर लांबणारी ती ओळ घरातले पुरुष झोपेत ऐकत असतील, पण ती त्यांच्यासाठी नव्हती. आईही मामाला पत्र लिहायची ते सरळ, पूर्णविराम देऊन. वळणं फक्त माझ्यासाठी होती.

शेवटच्या वर्षांत तिचा हात थरथरू लागला. ती सांगायची आणि बाबा लिहायचे. त्यांच्या ताठ, कारकुनी अक्षरात तिचं वाक्य वाहताना पाहून मला बहिणाबाई आठवायच्या. अक्षर न गिरवलेल्या त्या बाईची गाणी तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकातून महाराष्ट्राच्या कानी पडली. शाई मुलांची होती. श्वास कुणाचा होता, हे विचारावंही लागत नाही.

आईचं शेवटचं पत्र माझ्या कपाटात, वहीच्या पानांत आहे. निळा रंग विटून भिजल्या राखेसारखा झाला आहे. त्यात पहिल्यांदाच मधला सगळा भाग तिचा आहे, आणि इतक्या मोठ्या अंगणात आल्यावर तिचं वाक्य धावलेलं नाही. दोन शब्द, मग मोकळी जागा, पुन्हा तीन शब्द, पुन्हा ओळभर निळं, जसं कुणी खूप वर्षांनी पाय लांब करून बसावं. बाबा या वेळी घडीवर आहेत. त्यांची अक्षरं बारीक होत गेली आहेत, कोपऱ्याशी वळली आहेत, समासातून वर चढली आहेत, तिचं जेवण तिची झोप खिडकीशी येणारा बुलबुल आणि मी कधी येणार हे सारं एका दमात, एकाही पूर्णविरामाशिवाय. आणि डिंकाच्या अगदी कडेला, उजेडाकडे धरल्यावर दिसणारं:

ता. क. ती बोलता बोलता थांबली तिथे मी जागा सोडली आहे.