राजसदरेतला आवाज

मृगाचा पाऊस कोकणाच्या वेशीवर येऊन थबकलेला असतो, हवा इतकी दमट असते की बसल्या जागी सदरा अंगाला चिकटावा, आणि अशा दिवसांत पोराबाळांना घेऊन रायगड चढण्याचा बेत कोणी बोलून दाखवला तर घरची वडीलधारी मंडळी त्याला वेड्यात काढतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार असते असेही नाही. तथापि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, अर्थात ६ जून १६७४ या दिवशी ज्या राजसदरेत शिवछत्रपती सिंहासनारूढ झाले, तेथे दरवर्षी तिथीने एकदा आणि तारखेने एकदा सोहळा भरतो, आणि त्यास माझ्या नातीला नेण्याचे वचन मी एका गाफील क्षणी देऊन बसलो होतो. तिथी खरी की तारीख खरी, हा वाद पंडितांनी घालावा. शाळा उघडण्यापूर्वी येते ती खरी, असा निवाडा तिने दिला आणि आम्ही तारखेच्या आदल्या दिवशी पाचाडास पोहोचलो.

रोपवेची रांग पाहूनच धीर खचला, म्हणून चित दरवाजाकडून पायऱ्यांनी निघालो. चढणीविषयी फार लिहिण्याजोगे काही नाही. दम लागला, लिंबू सरबत झाले, पुन्हा दम लागला. मात्र महादरवाजापाशी एक गोष्ट घडली. दोन अजस्र बुरूज पुढ्यात उभे, आणि नात विचारते, "आजोबा, दरवाजा कुठाय?" बुरुजांच्या कुशीत वळण घेऊन दडवलेला तो दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि शत्रूची जी फसगत व्हावी म्हणून तो तसा बांधला, तीच तिची झाली होती. दुर्गरचनेवरचे माझे व्याख्यान मी निमूटपणे गिळून टाकले.

सायंकाळी राजसदरेत गर्दी अजून विरळ होती. तेथे एक वयोवृद्ध स्वयंसेवक आलेल्या मुलांना गोळा करीत होते. त्यांनी निम्मी पोरे नगारखान्यापाशी उभी केली, निम्मी आपल्याबरोबर सिंहासनाच्या जागेवरच्या मेघडंबरीकडे नेली. मधले अंतर सुमारे २०० फूट. मग त्यांनी वर्तमानपत्राचा एक कागद हळूच फाडला. नगारखान्याखालून आमच्या कन्यारत्नाने हात वर केला, कारण तो फाटण्याचा बारीक चरचराट तिच्यापर्यंत स्वच्छ पोहोचला होता. पुढे पोरांची अदलाबदल झाली, कुजबुज झाली, कोणी चिमटीने टिचकी वाजवली, आणि दरबारात उभ्या राहिलेल्या फिर्यादीचे म्हणणे सिंहासनापर्यंत कसे जात असेल हे त्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून कळले. हिरोजी इंदुलकरांच्या बांधकामाची इतकी थोडक्यात आणि इतकी सप्रमाण प्रशस्ती मी यापूर्वी ऐकलेली नाही.

त्याच गृहस्थांनी मग हेन्री ऑक्झेंडनची हकिकत सांगितली. मुंबईकर इंग्रजांचा हा वकील तहाच्या वाटाघाटींसाठी गडावर आला आणि राज्याभिषेकाच्या दिवशी दरबारात हजर होता; सिंहासनाच्या एका बाजूस भाल्याच्या टोकावर मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे आणि दुसऱ्या बाजूस अश्वपुच्छे व न्यायाचा सोन्याचा तराजू त्याने पाहिला, आणि वाड्याच्या दाराशी झुलणारे दोन हत्ती पाहून, इतक्या बिकट वाटेने हे धूड वर आणले तरी कसे, असा अचंबा त्याने आपल्या दप्तरी नोंदवून ठेवला. मुलांना मात्र सर्वांत अधिक आवडला तो खाटकाचा किस्सा: या पाहुण्यांनी थोड्या दिवसांत इतके मांस फस्त केले की, एरवी वर्षानुवर्षांत न खपणारा माल खपवणारी ही गिऱ्हाइके आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी तो म्हातारा मुद्दाम गड चढून आला. आपणही तोच गड चढून आलो आहोत, हे त्या हास्यकल्लोळात प्रत्येक पोराच्या पायांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पालटले. अभिषेक झाला, पालखी निघाली, भंडाऱ्याने आसमंत पिवळा झाला, आणि त्या जनसागरातले भक्तीचे भरते खोटे होते असे म्हणण्यास माझी जीभ धजणार नाही. परंतु आदल्या सायंकाळी जेथे कागद फाटल्याचा ध्वनी ऐकू येत होता, त्याच वास्तूत आता ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांतून येणाऱ्या गर्जनांतील एक शब्द उमगेल तर शपथ! नातीने कानांत बोटे घातली. प्लास्टिकचा जिरेटोप घातलेले एक चिरंजीव बापाच्या खांद्यावर ढसाढसा रडत होते.

आम्ही होळीच्या माळावर सटकलो. तेथे कोल्हापूरकडच्या एका तालमीची मुले-मुली मर्दानी खेळ करीत होती: लाठी, फरीगदका, दोरी बांधलेला विटा, आणि अखेर दांडपट्टा. खेळ आटोपल्यावर वस्तादांनी धार नसलेला सरावाचा पट्टा जवळच्या पोरांच्या हाती दिला. त्याचा खोबळा नातीच्या कोपरापर्यंत आला. आतली आडवी मूठ धरताच मनगट त्या लोखंडात असे जखडले की तलवारीसारखे ते वळवता येईना. ती झटापट पाहून वस्ताद म्हणाले, "मनगट इसर, पोरी, खांद्यानं फिरीव, पाय आदी टाक." तिने पाय टाकला, अंग वळवले, आणि चारेक फुटांचे ते लवलवते पाते एकदाच, पण बरोबर फिरले. पट्टेबहाद्दराला सगळे अंग घेऊन का नाचावे लागते याचा उलगडा मलाही त्याच क्षणी झाला. संग्रहालयाच्या काचेआड पट्टे मी आयुष्यभर पाहत आलो होतो.

सोहळ्याची तजवीज करणाऱ्यांचे श्रम मोठे आहेत. त्या बेसुमार गर्दीला पाणी, अन्न आणि उतरणीची वाट पुरवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. तरीही त्यांना एक अर्ज आहे. पालखी जगदीश्वराकडे गेल्यावर घटकाभर राजसदरेतले ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत, मुलांना नगारखान्यापाशी उभे करावे, आणि कोणाही जाणत्याने मेघडंबरीजवळून साध्या आवाजात त्यांच्याशी बोलावे. त्याला खर्च काही येणार नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच तो करून ठेवलेला आहे.