सुधारलेला हिरवा

मराठीच्या प्राध्यापकाने फावल्या वेळात समीक्षा लिहावी अशी रीत आहे. मी आगगाडीची इंजिने करतो. पितळी पत्रा, कानशी, डाख द्यायचे सामान आणि रंगाच्या बाटल्या यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कायमचा बळकावला आहे. फुटाला सात मिलिमीटर हे माझे प्रमाण. त्यामुळे सव्वीस फुटी इंजिन जेमतेम वीतभर होते आणि पाहुणे आले की शोकेसवर चढवता येते.

यंदा मी ‘टेरियर’ करायला घेतले. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची ही चिमुकली इंजिने १८७२ ते १८८० या काळात पन्नास झाली, आणि त्यांतले ‘बॉक्सहिल’ आजही यॉर्कच्या रेल्वे-संग्रहालयात उभे आहे. पण मला त्यांचा लोभ जडला तो त्यांच्या रंगामुळे. हा रंग हळद आणि गेरू यांच्या मधला. आणि कंपनीच्या दप्तरी त्याचे नाव काय, तर ‘सुधारलेला इंजिन-हिरवा’!

हे नाव चालवणारा विल्यम स्ट्राउडली १८७० साली ब्रायटनच्या कारखान्याचा प्रमुख झाला. माणूस मोठा टापटिपीचा. इंजिन ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचे नाव तो केबिनमध्ये सुबक अक्षरांत रंगवून घेई. असा काटेकोर मनुष्य पिवळ्याला हिरवा कसा म्हणेल? काही म्हणतात, हिरवा सोडून दुसरा रंग वरिष्ठांनी मान्य केला नसता, म्हणून त्याने ही पळवाट काढली. दुसरे म्हणतात, त्याला रंगच कळत नसत. मी दुसऱ्या पक्षाचा. मालगाडीच्या इंजिनांना त्याने खरोखरीचा गडद हिरवा दिला होता. ज्याला तांबड्या-हिरव्यातला भेद दिसत नाही त्याला हे दोन रंग कसे दिसतील? एक काळसर हिरवा, दुसरा उजळ हिरवा. म्हणजे सुधारलेलाच की!

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, कारण मलाही ते तसेच दिसतात.

माझे आजोबा, आईचे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. तिथली मी पाहिलेली इंजिने काळी, त्यामुळे माझे आणि त्यांचे कधी बिनसले नाही. पुढे आयटीआय करून मी सहायक ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केला. वाफेची इंजिने तोवर गेली होती, पण रूळ तेच होते. लेखी परीक्षा सुटली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचे पुस्तक पुढे ठेवले. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली काढलेली ती चित्रे. पहिल्या पानावर बारा हा आकडा मी झटकन वाचला. तो सर्वांनाच वाचता येतो! पुढच्या पानांवर मला नुसती खडी दिसली. डॉक्टरांचे काही चुकले नाही. तांबडा सिग्नल हिरवा समजणाऱ्याच्या गाडीत मीही बसणार नाही. मी बी. ए. केले, एम. ए. केले, आणि आज वीस वर्षे श्रावणाच्या हिरवाईवर तास घेतो. मुले भारावून ऐकतात. सारी हिरवाई मी पुस्तकातून उचललेली आहे, हे त्यांना कोण सांगणार?

घरी हे फक्त सौभाग्यवतींना ठाऊक होते. बाटली त्याच हातात देत. त्या चार दिवस माहेरी गेल्या आणि मला धीर निघाला नाही. लेबले थिनरने कधीच सुटली होती. पिवळ्यात तपकिरी म्हणून एक रंग मिसळला, आणि रात्री बारापर्यंत बसून टेरियर रंगवले. सोन्यासारखे झाले होते. निदान मला तसे वाटले.

सकाळी आमची सातवीतली कन्या दुधाचा पेला घेऊन टेबलाशी आली.

“अहो बाबा, हिरवं का केलंत? चित्रात तर पिवळं आहे!”

थाप मारता आली असती. स्ट्राउडलीचे नाव पुढे करून शास्त्रही सांगता आले असते. पण का कोण जाणे, मी खरे ते सांगून टाकले. तिने सगळे ऐकून घेतले. सिग्नल कसा ओळखता, असे विचारले. वरचा दिवा तांबडा, खालचा हिरवा, हे मी सांगितले. मग पेला खाली ठेवून ती म्हणाली, “आणि माझी चित्रं?”

बालवाडीपासून तिने आणलेल्या प्रत्येक चित्राला मी म्हणत आलो होतो, ‘वा, रंग किती छान जमलेत!’ मला उत्तर सुचले नाही. ती दप्तर घेऊन निघून गेली.

दोन दिवस त्या टेबलाकडे ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तेव्हा प्रत्येक बाटलीवर तिच्या ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘तपकिरी’. ‘गडद हिरवा (हा तपकिरी नाही!)’. टेरियरचा रंग तिने थिनरने पुसून काढला होता आणि नवा मिसळत बसली होती. लहान वस्तूवर खरा रंग जड दिसतो, चिमूटभर पांढरा घाल, एवढे मी सुचवले. ते मात्र मला कळते.

रात्री इंजिन वाळले. तिने ते दिव्याखाली माझ्यासमोर धरले.

“कसा झालाय रंग?”

सवयीने ‘वा’ ओठांवर आले होते.

“मला नाही सांगता येत,” मी म्हणालो.

“बरोबर,” ती म्हणाली, आणि केबिनमध्ये ड्रायव्हरचे नाव घालण्यासाठी सर्वांत बारीक ब्रश शोधू लागली.