चिंगीचा डावा कान

आमच्या टीममधल्या एकाला कुरळ्या केसांचं मांजर हवं आहे. डेव्हन रेक्स. त्याच्यामुळे मी या जातींचा इतिहास वाचला. १९५० साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, बॉडमिन मूरवरच्या एका शेतघरात सेरेना नावाच्या साध्या मांजरीला पाच पिल्लं झाली. त्यातलं एक कुरळं, कॅलिबंकर. पुढे त्याचा संकर त्याच्या आईशीच लावला, पुन्हा कुरळी पिल्लं झाली आणि कॉर्निश रेक्स ही जात उभी राहिली. दहा वर्षांनी शेजारच्या डेव्हनमध्ये एका भटक्या मांजरीला किर्ली झाला. बाप बहुधा जुन्या खाणीजवळ फिरणारा कुरळा बोका. दोन्हीकडच्या कुरळ्यांचा संकर केला, तर पिल्लं निघाली सरळ केसांची! बग दोन वेगळ्या फाइलींत होता, स्क्रीनवर फक्त सारखा दिसत होता.

म्हणजे या महागड्या जातींचे मूळपुरुष शेतावरचे आणि रस्त्यावरचे. आमच्या मंगळवार पेठेतल्या चिंगीसारखेच. चिंगी कुणाचीच नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीची. मांजरीचे दिवस जेमतेम नऊ आठवडे, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या मागच्या वेतातल्या चार पिल्लांपैकी दोन गाड्यांखाली गेली, एक गटारात सापडलं.

कोल्हापूर दुधाचा जिल्हा. म्हैस रात्री दोन वाजता अडली तर कुणाला उठवायचं, हे माझ्या चुलत्याला तोंडपाठ आहे. मी मांजरीच्या ऑपरेशनचं विचारत फिरलो, तर उत्तर यायचं, "बोका असेल तर बघू." त्यात तथ्य आहे. बोक्याचं काम काही मिनिटांचं. मादीचं पोट उघडावं लागतं, आणि तीन किलोच्या जिवाला भूल फार मोजून द्यावी लागते. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी केंद्राचे नियम २००१ पासून आहेत. मुंबई महापालिकेने पुढे मांजरांचीही नसबंदी सुरू केली. आमच्या गल्लीत मात्र ते काम ज्याला सुचेल त्याचं.

शेवटी रंकाळ्यावर मांजरांना खायला घालणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने डॉक्टरांचा नंबर दिला, वर पिंजराही. "दादा, टोपलीतनं नेऊ नका, झाकण उचकटून पळतंय. आणि भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापून घ्या, न्हाईतर उद्या दुसरं कुणीतरी हिलाच धरून आणंल."

आजीला हे पटेना. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. पोट फाडणं त्यात बसतं का, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, गटारातल्या पिल्लाचं सोनं कुणी द्यायचं? ती काही बोलली नाही. ऑपरेशननंतर चिंगी न्हाणीघरात होती, तेव्हा तिच्या खाली स्वतःचं जुनं लुगडं मात्र आजीनेच घातलं.

पिंजरा परत द्यायला गेलो, तर मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. गल्लीत अजून किती माद्या हायत?"

मोजल्या. तीन. त्यातली एक गाभण दिसते.