सांभाळून घे

परवा भाचा पुण्याहून आला होता. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. जेवतानाही डोकं फोनमध्येच. शेवटी त्याच्या आईने फोन काढून घेतला. विचारलं, काय झालंय रे एवढं?

म्हणाला, "मामा, टीममध्ये एक जण आहे. चार वर्षांचा अनुभव लिहून आलाय, पण साधा हिशेबाचा कोड नीट लिहिता येत नाही. दिवसा तो लिहितो, रात्री मी निस्तरतो. मॅनेजरला सांगितलं तर म्हणतो, सांभाळून घे, रिलीज जवळ आलीय."

सांभाळून घे. हे दोन शब्द मी पण वीस वर्षं ऐकतोय, आणि वापरतोय. म्हणून त्याला ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण ती फक्त कॉम्प्युटरवाल्यांची नाही.

तिकडे १९९९ पासून पोस्टाच्या शाखांमध्ये 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. बनवणारी कंपनी आयसीएल, म्हणजे आजची फुजित्सु. रोजचा जमाखर्च त्यातच. काही शाखांत हिशेब जुळेना. गल्ल्यात पैसे आहेत तेवढेच, पण पडद्यावर हजारो पौंडांची तूट. पोस्टाने मशिनवर विश्वास ठेवला आणि शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा २०१० मध्ये पोटात बाळ असताना तुरुंगात गेल्या. तेही मुलाच्या दहाव्या वाढदिवशी. चोरी त्यांनी केलेलीच नव्हती. निकाल रद्द व्हायला २०२१ उजाडलं.

आता मूळ मुद्दा. ही प्रणाली बनत असतानाच, १९९८ मध्ये, आतल्या लोकांनी कंपनीला लेखी अहवाल दिला होता. डेव्हिड मॅकडोनेल नावाच्या अभियंत्याने २०२२ मध्ये चौकशी समितीपुढे साक्ष दिली, की हिशेबाचा भाग लिहिणाऱ्या आठ जणांच्या टीममध्ये दोघं चांगले होते, दोघं बेताचे आणि बाकीच्यांना ते काम झेपतच नव्हतं. अहवालात एक नमुना होता. एखाद्या आकड्याचं चिन्ह उलटं करायचं, अधिकचं उणे, उण्याचं अधिक. सातवीतलं पोरगं सांगेल, उणे एकने गुण. तिथे काय केलं होतं? आकडा उणे असेल तर चिन्ह काढून टाका, नसेल तर त्यातून त्याचीच दुप्पट वजा करा.

भाचा हसला. "उत्तर बरोबर येतं की!"

येतं ना. पण ज्याला गुणाकार सुचला नाही, त्याच्या हातात पोस्टाचा जमाखर्च होता. तो भाग पहिल्यापासून नव्याने लिहा, असं सांगितलं गेलं होतं. लिहिला गेला नाही. ठिगळं लावत गाडी पुढे रेटली. तिकडच्या न्यायालयात उलटं सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबरच चालतो असं धरलं जातं. मग खोटं कोण ठरणार? काउंटरमागचा माणूस.

आपल्याकडे वेगळं आहे का? रेशनच्या दुकानात अंगठा जुळत नाही, बँकेत नाव चुकतं, खिडकीतून उत्तर एकच, "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय." ती सिस्टीम कुठल्यातरी टीमने लिहिलेली असते, आणि त्या टीममध्येही कुणीतरी कुणालातरी सांभाळून घेत असतं.

आता माझं सांगतो. मागे डेस्कवर एक सहकारी होता. माणूस लाख मोलाचा, पण बातमीतली नावं तपासायची नाहीत म्हणजे नाहीतच. मी रोज पान सुटायच्या आधी गुपचूप पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करायचो. संपादकांना कधी सांगितलं नाही. घरी दोन लहान पोरं, नोकरी जाईल बिचाऱ्याची. एके दिवशी मी लग्नाला गेलो. सकाळी पेपरात फसवणुकीच्या बातमीत आरोपी म्हणून आमच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराचं नाव, पत्त्यासकट. आरोपी त्याच नावाचा, पण दुसऱ्या तालुक्यातला.

तो दुकानदार घडी घातलेला पेपर घेऊन ऑफिसात आला. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मी तुमचाच पेपर घेतो." दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला. बातमी पान एकवर होती.

चूक सहकाऱ्याची, हे खरं. पण तो कच्चा आहे हे मला माहीत होतं, त्याच्या वरच्यांना नव्हतं. मी झाकलं म्हणून त्याला कुणी शिकवलं नाही, आणि मी नसलेल्या दिवशी मार तिसऱ्यानेच खाल्ला. त्याला मी दया समजत होतो. आज तसं वाटत नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं: त्या पोराशी आधी स्वतः बोल, शेजारी बसवून शिकव. कमी येणं हा गुन्हा नाही, आपण सगळे कधीतरी तिथेच होतो. चारचौघांत त्याची टिंगल करू नकोस. पण तरीही चुका होत राहिल्या तर मॅनेजरला तोंडी नको, मेल कर. काय चुकलं, कुठे चुकलं, त्याने ग्राहकाचं काय नुकसान होईल, तारखेसकट. ब्रिटनमध्ये १९९८ च्या त्या कागदाने वेळेवर कुणाला वाचवलं नाही, हे खरंय. पण वीसेक वर्षांनी चौकशीत तोच कागद बोलला.

"मेल केल्यावर माझ्यावरच डूख धरला तर?"

धरतील कदाचित. त्याला खोटा धीर दिला नाही. पण कोड ज्याच्या घरापर्यंत जातो, त्या माणसाला तर हेही माहीत नसतं की आत कुणीतरी सांभाळून घेतंय.

रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतला दिवा चालू होता. कोड दुरुस्त करत होता की मेल लिहीत होता, विचारलं नाही.

तुमच्या ऑफिसात असं झालंय का? तुम्ही काय केलंत? कॉमेंटमध्ये लिहा. नावं मात्र नकोत.