हेलसिंकीतला एक दिवस

युरोपातली बारा दिवसांची भटकंती संपली होती. परतीचं विमान हेलसिंकीहून होतं आणि मध्ये जेमतेम एक दिवस हाताशी होता. पाय बोलत होते, खिसाही हलका झाला होता. त्यात सकाळीच आईच्या पिशवीचा बंद तुटला. "मी खोलीवरच पडते, तू ये फिरून," ती म्हणाली. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. तिला एकटीला सोडून जाणं माझ्या जिवावर आलं. आग्रह करून तिला बाहेर काढलं.

हे शहर छान आटोपशीर आहे. सिनेट चौकात १८५२ साली पूर्ण झालेलं पांढरंशुभ्र कॅथेड्रल आहे. समोर रशियाच्या झारचा, दुसऱ्या अलेक्झांडरचा पुतळा. १९१७ मध्ये रशियापासून स्वतंत्र होऊनही फिनलंडने तो जागेवरच ठेवला आहे.

तिथून बंदर चार पावलांवर. बंदरावरच्या बाजारातून फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत सुओमेनलिना या बेटांवरच्या किल्ल्यावर नेते. १७४८ साली स्वीडनने तो बांधायला घेतला. आज तो जागतिक वारसा यादीत आहे. तटावर बसून आई बराच वेळ समुद्राकडे बघत होती. "त्यांना आवडलं असतं," एवढंच बोलली.

दुपारी पाऊस आला म्हणून आम्ही ऊडी या वाचनालयात शिरलो. २०१८ साली उघडलेली ही लाकडी, लाटेसारखी इमारत संसदेच्या अगदी समोर आहे. वरच्या मजल्यावर पुस्तकं, आणि मधल्या मजल्यावर चक्क शिलाई मशिनं! कुणीही यावं, आपलं काम करावं.

आई थबकलीच. माझ्या शाळेच्या दिवसांत ती शेजारपाजारचे ब्लाऊज शिवून माझी फी भरायची. बाबांच्या आजारपणात मशीन झाकलं गेलं, ते झाकलेलंच राहिलं.

"बंद शिवतेस?" मी विचारलं.

"इथे? आणि बिघडलं तर?"

एक मशीन रिकामं होतं. तिथल्या मुलीने हसून खुर्ची पुढे केली, दोरा ओवून दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काही अडलं नाही. पहिली टीप वाकडी गेली. आईने ती उसवली, चष्मा सारखा केला आणि पुन्हा घातली. दुसरी सरळ आली.

तुम्हालाही परतीच्या वाटेवर असा एखादा दिवस मिळाला, तर विमानतळावर बसून काढू नका. शेंगेन व्हिसा असेल, तर रेल्वे अर्ध्या तासात शहरात पोहोचवते. उन्हाळ्यात रात्री दहालाही उजेड असतो.

विमानात आई खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं, झोप लागली.

"घरी गेल्यावर मशीनला तेल घालायला हवं गं," ती म्हणाली.