एक तलवार, दोन म्यानें
गेल्या वर्षीं मीं विंडोजच्या पोटांत व्हर्च्युअलबॉक्सच्या साह्यानें लिनक्सचा आभासी संगणक उभा केला. गुणांचा पेनड्राइव्ह त्यास जोडतांच तो विंडोजमधून नाहींसा झाला! बिघाड समजून मीं तो घाईनें ओढून काढला. लिनक्सचें लेखन अपुरें होतें, फाइल बिघडली.

मागाहून उमगलें कीं, एक तलवार दोन म्यानांत राहत नाहीं, तसें यूएसबी उपकरण एका वेळीं एकाच संगणकाच्या ताब्यांत असतें. एकाकडून रीतसर सोडवावें, मगच दुसऱ्यास द्यावें. दोघांसही फाइली हव्या असल्यास पेनड्राइव्ह विंडोजकडे ठेवून त्यावरील फोल्डर सामायिक करावा.

विद्यार्थिमित्रांनो, उतावळेपणाबद्दल तुम्हांस रागें भरणारा मी त्या रात्रीं खालीं मान घालून ४० मुलांचे गुण पुन्हां लिहीत होतों.