विहीर आणि खाण

कसबा पेठेंतील आमचें बिऱ्हाड तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. संध्येची पळी-पंचपात्री, न्हाणीघरांतील बंब, पाण्याची घागर, असा तांब्याचा वावर आमच्या घरीं पिढ्यानुपिढ्या चालत आला. मात्र तांब्याच्या भूमींतून दुसरें काय निघतें, हा विचार साठी उलटेपर्यंत मला शिवला नव्हता.

गेल्या चातुर्मासांत नातीनें विचारलें, "आजोबा, आपल्या देशांत युरेनियम कोठें सांपडतें?" मी मॅट्रिक झालेला संस्कृतचा मास्तर, पुस्तकें चाळणें भाग पडलें. झारखंडांतील सिंहभूमचा पट्टा तांब्याचा. त्यांतच जादूगुडा येथें १९६७ सालीं स्थापन झालेलें सरकारी महामंडळ युरेनियम काढूं लागलें. अणुभट्ट्यांस तें लागतें, आणि त्या विजेचा थोडा वांटा आपल्याही घरीं येतो.

तेथील खनिजाच्या हजार भागांत युरेनियम एक भागही नसतें. बाकीचा दळलेला दगड गाळ होऊन मागें उरतो. युरेनियम गेलें तरी त्याची संतति, म्हणजे थोरियम व रेडियम, गाळांतच राहते; किरणोत्सर्गाचा सुमारें ८५ टक्के अंशही तिच्याबरोबर राहतो. मादाम क्यूरींना रेडियम मिळालें तें अशाच चोथ्यांतून. त्याचा निम्मा अंश सरावयास १६०० वर्षें लागतात! गाळांतील गंधकयुक्त खनिजांवर हवापाण्याची क्रिया होऊन आम्ल बनतें व धातु त्यांत विरघळून भूजलांत झिरपतात. चुना घालून आम्ल मारतात खरें, परंतु तळ्याची व नळांची राखण अखंड हवी. ती ढळली म्हणजे काय होतें? १६ जुलै १९७९ रोजीं अमेरिकेंत चर्च रॉक येथें बांध फुटून सुमारें ३५ कोटी लिटर दूषित पाणी नदींत गेलें. २४ डिसेंबर २००६ रोजीं जादूगुड्यास नळ फुटून गाळ ओढ्यांत शिरला.

हें नातीस सांगतां सांगतां माझी जीभ अडखळली. पूर्वीं वाड्याच्या दुरुस्तींत निघालेला राडारोडा, रंगाचे डबे, कुजकी घाण, सारें आमच्या विहिरींत लोटावें असें मींच सुचविलें होतें. आई म्हणाली, "पाण्याच्या तोंडावर माती टाकूं नये रे." मी हंसलों. पाण्यास 'जीवन' म्हणतात हें अमरकोशांतून मुलांना शिकविणारा मी! दोन वर्षांनीं शेजारच्या वाड्यांतील आडाचें पाणी नासलें. तेथल्या काकूंनीं मला कारण विचारलें. मीं मान हलविली आणि गप्प राहिलों.

"मग नंतर तरी त्यांना सांगितलेंत का?" नातीनें विचारलें. काकू आतां हयात नाहींत.

वाचकहो, जमिनीखालीं लोटलेलें नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्याच्या दारीं जातें. माझी विहीर लहान आणि जादूगुड्याचीं तळीं मोठीं, एवढाच काय तो भेद. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मीं वर्गांत अनेकदां समजाविलें. जे अद्याप जन्मले नाहींत त्यांच्या ऋणाचा धडा मात्र मला नातीनें दिला.